धूर आणि जाळ

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४७ आणि ४८.

नेहमीप्रमाणे आधी अर्थ साध्या शब्दांत सांगतो. ४७ व्या श्लोकात भगवंत म्हणतात की दुसऱ्याचं काम आपल्याला कितीही छान जमत असलं तरी त्यापेक्षा आपलं स्वतःचं काम, थोडं उणं असलं तरी, बरं. ४८ व्यात म्हणतात की सहज वाट्याला आलेलं कर्म सदोष वाटलं म्हणून टाकू नये, कारण जगातल्या प्रत्येक कामाला दोष चिकटलेला असतोच, जसा अग्नीला धूर.

हे दोन श्लोक मी पूर्वीही वाचले होते. पण फेब्रुवारीत एका रविवारी रात्री भाच्याचा फोन आला आणि त्या दिवसापासून ते नुसते वाचून पुढं जाता येईना.

भाचा म्हणजे माझ्या ताईचा मुलगा. इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या पुढं त्यांचं घर. पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फोनवर आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मामा, एक सांगायचंय. घरी बोलू नका."

मी म्हणलं, "बोल."

"मला हे सोडायचंय. मला ॲग्रीला जायचंय. माझं इथं मन लागत नाही."

मी काही बोललो नाही. पलीकडून तोच म्हणाला, "एम-टू परत राहिलाय. दुसऱ्यांदा."

आता यातली अडचण समजून घ्या. दाजींची साडेतीन एकर जमीन. ऊस, थोडं डाळिंब. ऊस घातला की बिल कधी येईल याची वाट बघण्यात त्यांची वीस वर्षं गेली. त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती की पोराला यातून बाहेर काढायचं. शैक्षणिक कर्ज काढलं, हॉस्टेलची फी भरली, ताईच्या दोन बांगड्या गेल्या. एवढं करून ज्याला शेतीतून बाहेर काढला, तोच म्हणतोय मला शेतीत जायचंय. आणि हे सगळ्यात आधी कुणाला सांगतोय, तर ज्या मामाचं उदाहरण देऊन त्याला इंजिनिअरिंगला घातला त्या मामाला.

फोन ठेवल्यावर मी गीता उघडली. खरं सांगतो, मनात होतं की एखादा श्लोक सापडावा आणि तो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं व्हावं. ४७-४८ तर तयारच होते. आपलं काम सोडू नको, दोष सगळीकडेच असतात. संपला विषय.

पण पाठवायला बोट पुढं जाईना. कारण एक प्रश्न आडवा आला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हा त्याचा स्वधर्म कधी झाला?

माझंच सांगतो. माझी बारावी २००८ ची. सीईटीचा निकाल लागला तेव्हा बारामतीत एका नेट कॅफेत बसून कॅप राउंडचा फॉर्म भरला. शेजारी वडिलांच्या ओळखीचे एक सर बसले होते. त्यांनी कॉलेजांचे आणि शाखांचे क्रम सांगितले, मी टाइप केले. पहिल्या राउंडला मेकॅनिकल लागलं. दोन नंबरांचा फरक पडला असता तर सिव्हिल लागलं असतं, आणि मग मी सगळ्यांना सांगत फिरलो असतो की मला लहानपणापासून पुलांची आवड. पुढं नोकरी लागली ती सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे ज्याला मी आज माझं काम म्हणतो ते एका यादीतून आलं, आणि दुसऱ्यांदा एका कॅम्पस मुलाखतीतून. भगवंतांनी अर्जुनाला जे सांगितलं ते या यादीबद्दल नक्कीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते, ती न बोलता पुढं जाणं बरोबर नाही. स्वधर्माच्या या श्लोकांचा वापर आपल्याकडे कित्येक पिढ्या लोकांना जागच्या जागी बसवायला झाला. बापाचं काम तेच तुझं काम, वर बघू नको. ज्या तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या दारावरून जाते, त्यांनाही हे ऐकावं लागलं होतं की कवित्व करणं, धर्म सांगणं हा तुझा अधिकार नाही. घरात महाजनकी होती, दुकान होतं. ते सोडून हा माणूस नाम घेत बसला. तेव्हाच्या हिशोबाने त्याने स्वतःचं काम सोडलं होतं. आज आपण म्हणतो की त्याला त्याचं काम सापडलं. त्यामुळे जो कुणी हा श्लोक दुसऱ्याच्या तोंडावर मारतो, त्याने आधी स्वतःला विचारावं की मी याला धर्म सांगतोय का नुसता गप्प बसवतोय.

मग काय, मन लागत नाही म्हटलं की सोडून द्यायचं?

इथं मला विनोबा आठवले. १९१६ साली विनोबा इंटरच्या परीक्षेला बडोद्याहून मुंबईला निघाले होते. वाटेत सुरतला उतरले आणि काशीला निघून गेले. त्याआधी एक दिवस चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रमाणपत्रं जाळली होती, आई समोर असताना. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात ते गांधीजींना भेटले, आणि पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. गंमत बघा, हाच माणूस १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलायला बसतो (साने गुरुजी ते उतरवून घेत होते), आणि सांगतो की स्वधर्म शोधायला कुठं जावं लागत नाही, तो आईसारखा आपल्याला आपोआप मिळालेला असतो. परीक्षेची गाडी अर्ध्यात सोडणारा माणूस हे सांगतोय!

मला आधी यात विसंगती वाटली. नंतर वाटलं, नाही. विनोबांनी परीक्षा सोडली ती गणित अवघड जातं म्हणून नाही. गणित तर त्यांचं आवडतं. काय सोडायचं यापेक्षा कशाकडे जायचं हे त्यांच्या मनात अगोदर पेटलेलं होतं. जळायच्या आधीच ती प्रमाणपत्रं त्यांच्या लेखी राख झाली होती.

आता आमच्या तालुक्यातलं उदाहरण. वालचंदनगर आमच्या इंदापूर तालुक्यातच येतं. साखर कारखाना, मोठमोठी यंत्रं बनवणारा कारखाना, अवकाश मोहिमांसाठी लागणारे भागही तिथं तयार झाले. ज्यांच्या नावाने ते गाव आहे ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापूरला जन्मले. बी. ए. पूर्ण न करता घरच्या धंद्यात आले. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा, चांगला चाललेला. त्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटक नावाच्या गृहस्थांबरोबर ते रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटं घेऊ लागले. तिथून पुढं जहाजं, विमानं, मोटारी.

पण इथं स्वतःलाच सावध करतो. सोडून गेलेल्यांपैकी आपल्याला नावं माहीत असतात ती पोचलेल्यांची. सुरतला गाडीतून उतरलेला प्रत्येकजण विनोबा होत नाही. जे उतरले आणि स्टेशनवरच राहिले, त्यांच्या नावाने गाव वसत नाही. म्हणून ही उदाहरणं धीर द्यायला ठीक आहेत, निर्णय घ्यायला नाहीत.

निर्णयासाठी मी परत १८ व्या अध्यायाकडे गेलो, आणि या वेळी मागून सुरुवात केली. ७, ८ आणि ९ या श्लोकांत भगवंतांनी सोडण्याचे तीन प्रकार सांगितलेत. मोहात पडून, नीट न कळता नेमून दिलेलं कर्म सोडणं हा तामस त्याग. हे दुःखाचं आहे, शरीराला त्रास होतो, या भीतीने सोडणं हा राजस त्याग, आणि असं सोडणाऱ्याला सोडल्याचं फळही मिळत नाही. तिसरा सात्त्विक. त्यात काम सुटत नाही, करायचं म्हणून केलं जातं, सुटतो तो फळाचा लोभ.

अर्जुनाचं काय झालं होतं? सुरुवातीला तोही मार्ग बदलायला निघालाच होता. मला हे युद्ध नको, भीक मागून खाईन म्हणाला. बोलणं वरवर वैराग्याचं. पण देवाने ओळखलं की हा कुठं जातोय असं नाही, हा फक्त इथून जातोय. म्हणून थांबवलं.

एवढं वाचल्यावर मला भाच्याला काय विचारायचं ते कळलं. पुढच्या शनिवारी इंदापूरला गेलो. दोघं कालव्याकडेला फिरायला गेलो. मी म्हणलं, "एकच सांग. एम-टू सुटला असता, अगदी पंच्याहत्तर पडले असते, तर तू मला फोन केला असतास का?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "माहीत नाही मामा."

मला ते उत्तर फार आवडलं. हो म्हणाला असता तर विश्वास बसला नसता.

मग त्याला धुराची गोष्ट सांगितली. आमच्या आजीची चूल आठवते मला. पावसाळ्यात ओलं सरपण असलं की घरभर धूर. डोळ्यांतून पाणी. आजी कधी चूल सोडून उठली नाही, फुंकणी घेऊन बसायची. कारण तिला माहीत होतं, खाली विस्तव आहे. पण खाली विस्तवच नसेल तर? मग फुंकणी मारून नुसती राख उडते, आणि माणूस म्हणत बसतो की सगळ्याच चुलींना धूर असतो. देव म्हणतात अग्नीला धूर असतो म्हणून अग्नी टाकू नको. त्यात अग्नी आहे हे धरलेलं आहे. धूर दिसला म्हणून पळायचं नाही हे खरं, पण आधी जाळ आहे का ते बघायला हवं. आणि जिथं जायचंय तिथंही धूर असणार, हे पण.

तो म्हणाला, "जाळ आहे का नाही ते कळणार कसं?"

"लांबून कळत नाही. जवळ बसावं लागतं."

आमचं ठरलं ते असं. एक, एम-टूचा पेपर या वेळी मन लावून द्यायचा. सुटो न सुटो. जायचं असेल तर दारातून जायचं, खिडकीतून उडी मारून नाही. दोन, परीक्षा झाली की शेजारच्या अण्णांच्या डाळिंबाच्या बागेत दोन महिने कामाला जायचं. बघायला नाही, कामाला. पहाटे फवारणीला, दुपारी छाटणीला, आणि संध्याकाळी अण्णांची खर्चाची वही लिहायला. तीन, त्यानंतरही मन तेच म्हणालं तर घरी स्वतः सांगायचं. मामा सांगणार नाही, मामा फक्त शेजारी बसेल.

एम-टू सुटला. पासिंगपुरता, पण सुटला. बागेतही गेला. आंबे बहार धरला होता. पाऊस लागला आणि फळांवर तेल्या आला. अण्णांच्या दोन ओळी गेल्या. काढलेली फळं खड्ड्यात पुरायचं काम याच्याकडेच होतं. त्या रात्री त्याचा फोन आला. मला वाटलं, झालं, उतरला ताप. तर हा तासभर बोलत होता की कुठल्या झाडापासून सुरू झालं, पाणी कसं साचलं होतं, औजारं निर्जंतुक न करता छाटणी केली होती ते कसं चुकलं. एम-टूवर तो माझ्याशी कधी दोन मिनिटं बोलला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, धुराखाली काहीतरी आहे.

तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला होती त्या दिवशी त्याने घरी सांगितलं. सकाळी बेलवाडीचं रिंगण बघून आम्ही सगळे घरी आलो होतो. दारात एका दिंडीचं जेवण चाललं होतं. पंगत उठल्यावर ओसरीवर तो वडिलांसमोर बसला आणि सगळं सांगून टाकलं. दाजी काही बोलले नाहीत. ताई पदराने डोळे पुसत आत गेली. मग दाजी एकच वाक्य म्हणाले, "तुला शेतीच करायची होती, तर मी इतकी वर्षं काय करत होतो?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे अठरावा अध्याय होता, विनोबा होते, वालचंद होते. ओसरीवर त्यातलं काही बोलता आलं नाही. पोराचा मार्ग बदलतो तेव्हा बापाच्या वीस वर्षांचा अर्थ बदलतो, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. आपण स्वधर्म स्वधर्म म्हणतो, पण माझ्या स्वधर्माची फी दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते.

उत्तर पोरानेच दिलं. म्हणाला, "दादा, तुम्ही मला बाहेर काढलं म्हणून तर मी निवडू शकतोय. तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

दाजी उठून गोठ्याकडे गेले. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "उसातला एक एकर मोकळा करतो. एक वर्ष. हिशोब तू ठेवायचा, मी विचारणार नाही. पुढच्या वर्षी सीईटी परत दे. त्यानंतर जे म्हणशील ते." सध्या इथपर्यंत आलंय. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घेतलेला नाही. ताई माझ्याशी अजून जरा तुटक बोलते. उद्या हे फसलं तर घरात बोट माझ्याकडे असेल, हे मला माहीत आहे. आपण बरोबर केलं का, याची खात्री मलाही नाही.

आता माझं राहिलेलं सांगतो, जे आजवर इथं लिहिलं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मीही एक अर्ज लिहिला होता. प्रवेश रद्द करून दाखला परत मिळावा म्हणून. मला तत्त्वज्ञान शिकायचं होतं. तो अर्ज महिनाभर बॅगेत फिरला आणि एका संध्याकाळी बारामतीच्या एसटी स्टँडवर मी तो फाडून टाकला. माझ्या थांबण्यात काही सात्त्विक नव्हतं. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि भीती वाटली, एवढंच. गीतेने सोडण्याचे तीन प्रकार सांगितले, मला वाटतं थांबण्याचेही तीन असावेत. नीट न कळता थांबणं, भिऊन थांबणं आणि समजून थांबणं. मी भिऊन थांबलो. पण पुढं याच पगारावर वडिलांचं ऑपरेशन झालं, बहिणीचं लग्न झालं, हाताखाली आलेल्या चार पोरांना काम शिकवता आलं. हळूहळू भीती गेली आणि काम राहिलं. आज मी थांबलेलो आहे ते समजून. विस्तव मी आणला नव्हता, पण रोज बसून बसून तो लागला. असंही होतं. म्हणून भाच्यासारख्या प्रत्येकाला मी सोड म्हणणार नाही, आणि माझ्यासारख्या प्रत्येकाला थांब म्हणणार नाही.

तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर, अकलूजवरून जाते. माउलींची जेजुरी, लोणंद, फलटणवरून. दोन्ही वाखरीला भेटतात. कुणी म्हणत नाही की फलटणवाले चुकले. पण दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी आहे, पंढरी कुठं आहे ते चालणाऱ्याला माहीत आहे. वाट बदलायला हरकत नाही. पंढरीच ठाऊक नसेल तर मात्र कुठल्याही वाटेने पाय दुखण्यापलीकडे काही होत नाही.

शेवटी याच अध्यायाचा ६३ वा श्लोक. अठरा अध्याय समजावून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की मी तुला सगळं सांगितलं, आता याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. स्वतः देव समोर असून त्याने निर्णय अर्जुनाच्याच हातात परत दिला. मग आपण मामा, बाप, शिक्षक, कोण लागून गेलो?

आजच्या दिवसासाठी एवढंच. तुम्ही जे सोडायचं म्हणताय किंवा ज्यात थांबलाय, त्याच्याजवळ आज पाच मिनिटं बसा. डोळ्यांत पाणी येतंय ते धुराने का, ते बघा. आणि खाली हात धरून बघा, ऊब लागते का.

विठ्ठला, जायचं असेल तर दारातून जायचं बळ दे. थांबायचं असेल तर भीतीतून मोकळं कर. आणि ज्यांनी आमची फी भरली, त्यांची वर्षं वाया गेली असं त्यांना वाटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.